व्हीलचेअरवर बसून घर आणि ऑफिस प्लान केलं: कुठलं सॉफ्टवेअर कामाला आलं, कुठलं नुसतं दिखाऊ

आधीच सांगते, मी आर्किटेक्ट नाही की इंटिरियरवाली नाही. पाच वर्षं व्हीलचेअर वापरतेय. घराचं रिनोव्हेशन निघालं आणि नेमकं तेव्हाच ऑफिसही नव्या जागेत जायचं ठरलं, त्यामुळे महिन्याभरात दोन वेगवेगळे प्लान माझ्यापुढे आले आणि दोन्हीकडे एकच वाक्य ऐकलं, "मॅडम, सगळं ॲक्सेसिबल आहे, सॉफ्टवेअरमध्ये चेक केलंय." घराच्या प्लानमध्ये बाथरूमचं दार आत उघडत होतं आणि ऑफिसच्या प्लानमध्ये माझं डेस्क एका खांबाला चिकटून होतं. म्हटलं बघूया तरी हे चेक करणारं सॉफ्टवेअर असतं कसं. त्यातून आठ-नऊ महिने हा उद्योग चालला, जे फुकट मिळालं ते वापरलं, जे विकतचं होतं त्याची ट्रायल घेतली नाहीतर ऑफिसातल्या माणसाच्या मागे बसून त्याला चालवायला लावलं.

घरात मी एकटी नाही हेही सांगायला हवं, कारण त्याने सगळं गणितच बदलतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, वॉकर घेऊन चालतात, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. नवरा सहा फूट. म्हणजे एकाच बाथरूममध्ये तीन वेगळी माणसं, आणि कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये तिघांना एकदम बसवायचं बटण नाही.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, प्लॅनर फाइव्ह डी आणि फ्लोअरप्लॅनर. ब्राउझरमध्ये उघडायचं, भिंती ओढायच्या, सोफा टाकायचा, दहा मिनिटांत चकाचक खोली तयार. घरच्यांना दाखवायला भारी आहेत, सासूबाईंना "हे बघा आई, असं दिसेल" म्हणायला याच्याइतकं सोपं काही नाही. पण त्या सुंदर चित्रातच फसगत आहे. या सगळ्या ॲपचा थ्रीडी कॅमेरा चांगला रुंद बघतो, त्यामुळे चिंचोळा पॅसेजसुद्धा हॉलसारखा दिसतो. मला तर एका रेंडरमध्ये, म्हणजे त्या तयार चित्रात, आमचा पॅसेज इतका आवडला की दोन दिवस मी त्यात व्हीलचेअर वळवायची स्वप्नं बघत होते, मग लक्षात आलं की तो ९० सेंटिमीटरचा आहे, त्यात सरळ जाता येतं, वळता नाही. असो. रंग आणि टाइल्स ठरवायला वापरा, माप ठरवायला नको.

मग फोनने माप घ्यायचा नाद लागला. २०२० च्या आयपॅड प्रो आणि आयफोन १२ प्रो पासून ॲपलच्या वरच्या मॉडेलमध्ये लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर येतोय आणि २०२२ मध्ये त्यांनी रूमप्लान नावाची सोय डेव्हलपर लोकांना दिली, त्यावर बरीच ॲप निघालीत. फोन हातात धरून खोलीत एक चक्कर मारायची की भिंती, दारं, खिडक्या, मोठं फर्निचर ओळखून प्लान तयार. व्हीलचेअरवरून हे करणं तर फारच सोपं, एका जागी गोल फिरलं की अर्धी खोली झाली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता माझा गाढवपणा ऐका. अशाच एका ॲपने (नाव नाही घेत, चूक माझीच जास्त होती) बाथरूमचं दार ७९ सेंटिमीटर दाखवलं. मी खूश. त्या भरवशावर ६८ रुंदीची शॉवर चेअर मागवली, दोन्हीकडे पाच-साडेपाच सेंटिमीटर मोकळे, मस्त. खुर्ची आली आणि दारात अडकली. टेप लावला तर मोकळी जागा ६७! ॲपने चौकटीसकट माप दिलं होतं. चौकटीच्या दोन्ही बाजू गेल्या, वर दार ९० अंशात उघडं असताना त्याची स्वतःची साडेतीन-चार सेंटिमीटरची जाडी बिजागरीच्या बाजूने जागा खाते तीही गेली. म्हणजे "दार किती" हा प्रश्नच चुकीचा. दार उघडून धरल्यावर पल्ल्याच्या पुढच्या अंगापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत किती मोकळं राहतं ते मोजायचं. अमेरिकेच्या एडीए, म्हणजे अपंगांसाठीच्या कायद्याच्या नियमातले ८१५ मिलिमीटर असेच मोजलेले असतात, दुकानात ज्या मापाचं दार मिळतं त्याचा त्याच्याशी संबंध नाही. सरकत्या दारातही हेच, पूर्ण उघडल्यावर हँडल बाहेर राहायला हवं म्हणून पल्ला थोडा बाहेर ठेवतात, तेवढी जागा गेली.

आणि उंबरठा! तीन वेगवेगळ्या ॲपनी स्कॅन केलं, एकाही प्लानमध्ये उंबरठा नाही. दोन सेंटिमीटरचा उंबरठा त्यांच्या दृष्टीने सपाट जमीन, माझ्या पुढच्या छोट्या चाकांच्या दृष्टीने भिंत. एडीएत हीच मर्यादा १३ मिलिमीटर आहे, त्यातही वरचा अर्धा भाग तिरपा घासलेला हवा. त्यामुळे फोनचं स्कॅन कच्चा आराखडा म्हणून घ्या, पण दारं, उंबरठे, नळ, स्विच हे टेपनेच.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले त्याच्याकडे येते. स्वीट होम थ्रीडी. फुकट, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि दिसायला इतकं जुनाट की पहिल्यांदा उघडून मी बंद केलं होतं. वर डावीकडे फर्निचरचा कॅटलॉग, बाजूला टूडी प्लान, खाली थ्रीडी, बस. पण यात एक गोष्ट आहे जी त्या चकचकीत ॲपमध्ये नव्हती, प्रत्येक वस्तूवर डबल क्लिक केलं की रुंदी, खोली, उंची आणि जमिनीपासून किती वर, हे सगळं आकड्यात टाकता येतं. ओढून-ताणून अंदाजपंचे नाही.

माझी पद्धत सांगते. जुन्या प्लानचा फोटो बॅकग्राउंड इमेज म्हणून टाकला, त्यात एका भिंतीची खरी लांबी सांगितली की स्केल जुळतं, त्यावरून भिंती गिरवल्या. मग कॅटलॉगमधून एक सिलिंडर उचलला, व्यास १५० सेंटिमीटर, उंची १, रंग लाल. ही माझी वळायची जागा. हा लाल पापड घेऊन घरभर फिरायचं, म्हणजे ओढत न्यायचा, आणि कुठे कशाला चिकटतो ते बघायचं. लगेच कळतं. बेडरूममध्ये कपाटाला चिकटला, किचनमध्ये ओट्याला, बाथरूममध्ये तर बसलाच नाही.

बाथरूम आतून १५० बाय २१५. टोकाच्या भिंतीला कमोड, तो ७० पुढे आलेला. उरले १४५. पापड १५० चा. पाच सेंटिमीटरसाठी आमचा कॉन्ट्रॅक्टर मागची भिंत फोडायला निघाला होता! मी म्हटलं थांबा, भिंतीवर टांगलेला कमोड बसवू, तो ५४ च पुढे येतो. सॉफ्टवेअरमध्ये टाकला, पापड छान बसला, मी जग जिंकलं. रात्री आठवलं की टांगलेल्या कमोडची टाकी भिंतीत लपवावी लागते आणि त्या फ्रेमला पंधराएक सेंटिमीटर जाडी लागते. १५ चा खोका मागे टाकला. ५४ अधिक १५, ६९. कमाई किती, तर एक सेंटिमीटर. नवरा इतका हसला की काय सांगू.

मग शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, हॉलमध्ये फरशीवर खडूने खुणा करत माझी स्वतःची खुर्ची जागच्या जागी गोल फिरवली आणि व्यास मोजला. १३४. माझी खुर्ची आखूड फ्रेमची आहे, बुटांच्या टोकापर्यंत ८८ लांब, ६० रुंद. लाल पापड १३४ चा केला आणि तो जुन्याच कमोडसमोर १४५ मध्ये आरामात बसला. बेसिनखाली थोडा गेला, पण बेसिन टांगलेलं आहे, खाली पाय जातात, तिथे चालतं. भिंत वाचली. फक्त दार बाहेर उघडायचं केलं आणि रुंद केलं, कारण आत उघडणारं दार सगळा पापडच खात होतं, शिवाय कुणी आत पडलं तर दाराला आडवं पडतं आणि बाहेरून ढकलता येत नाही, हे तर चालतं-फिरतं माणूस असलं तरी खरं आहे.

हे १५० आलं कुठून याच्या मागे लागले होते मी. एडीएत १५२५ मिलिमीटर आहे, म्हणजे ६० इंच. हे आकडे १९७० च्या दशकातल्या अभ्यासांतून आलेले, तेव्हाच्या हाताने ढकलायच्या खुर्च्या समोर ठेवून. नंतर बफेलो युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी जवळपास पाचशे व्हीलचेअर, पॉवरचेअर (बॅटरीवर चालणारी खुर्ची) आणि स्कूटर वापरणाऱ्यांची मापं घेतली, तो रिपोर्ट २०१० चा, आणि दिसलं की आताच्या कितीतरी खुर्च्या या गोलात मावत नाहीत. म्हणून तिकडच्या ए११७.१ नावाच्या स्टँडर्डच्या २०१७ च्या आवृत्तीत नव्या बिल्डिंगसाठी हा गोल ६७ इंच केला, साधारण १७०० मिलिमीटर. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची पॉवरचेअर मी मोजली, पूर्ण गोल फिरायला तिला १६८ लागले. म्हणजे १५० च्या गोलात मला सोळा सेंटिमीटर फुकट मिळतात आणि त्याला अठरा कमी पडतात, आणि प्लानवर मात्र दोघांनाही हिरवी टिक! एकट्याचं घर असेल तर स्वतःची खुर्ची मोजा आणि पुढे मोठी खुर्ची लागेल का, मागे मदतीला माणूस उभा राहील का याची थोडी भर घाला. ऑफिस असेल तर मोठाच आकडा धरा, तिथे उद्या कोण जॉइन होईल सांगता येत नाही.

स्वीट होममध्ये अजून एक आयत करून ठेवलाय मी, ४६ सेंटिमीटर रुंद, निळा. तो प्रत्येक दाराच्या हँडलच्या बाजूला, ज्या बाजूने दार ओढायचं तिथे, भिंतीलगत ठेवायचा. ही जागा नसेल तर दार ओढताना ते तुमच्याच गुडघ्यावर येतं, मागे सरका, परत हँडल धरा, परत मागे सरका. उभ्या माणसाला हे कधीच कळत नाही कारण तो नकळत एक पाऊल बाजूला होतो. आमच्या घराच्या नऊ दारांपैकी सहा दारांशी निळा आयत बसला नाही! दोन ठिकाणी नुसतं दार उजव्या हाताचं डाव्या हाताचं करून प्रश्न सुटला, एक पैशाची तोडफोड नाही.

आणि डोळ्यांची उंची. थ्रीडीत व्हर्च्युअल व्हिजिट असा मोड आहे, त्यात फिरणाऱ्या माणसाच्या सेटिंगमध्ये जाऊन डोळ्यांची उंची बदलता येते. एरवी ती उभ्या माणसाची असते. मी ११६ केली (खुर्चीत बसून टेप लावून मोजलेली, साधारण ११० ते १३० च्या मध्ये सगळ्यांची येते) आणि एकदम घर बदललं हो. खिडकीची कठड्याची पट्टी बरोबर डोळ्यांसमोर, बाहेरचं काही दिसेना. ओट्यावरची भांडी दिसेनात, फक्त ओट्याची कड. बेसिनवरच्या आरशात माझं कपाळ. नवऱ्याला शेजारी बसवून हे दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आपण आरसा खालपर्यंत घेऊ." पाच वर्षांत मी दहा वेळा सांगितलं असेल, पण स्क्रीनवर बघितल्यावर पटलं.

तोटेही आहेत, लपवत नाही. हा व्हर्च्युअल माणूस भिंतीतून आरपार जातो, त्याला कशाचीच अडचण नाही, सोफ्यातून जातो, कमोडमधून जातो. दोन वस्तू एकमेकांत घुसवल्या तरी सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. उतरती जमीन काढायची सरळ सोय नाही, रॅम्प म्हणजे बाहेरून मॉडेल आणा नाहीतर एखादा आकार ताणून-बिणून बसवा. थोडक्यात ते काही "चेक" करत नाही, डोळे तुमचेच. मला उलट तेच आवडलं, निदान खोटी टिक तरी देत नाही.

रॅम्पसाठी मग स्केचअप, थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर. हे शिकायला आठवडाभर गेला, पहिले दोन दिवस नुसती चिडचिड. नवी फाइल उघडली की मध्ये एक उभा माणूस ठेवलेला असतो, उंचीचा अंदाज यावा म्हणून. मी पहिलं काम केलं ते त्याला उडवून थ्रीडी वेअरहाउसमधून एक व्हीलचेअर आणून ठेवली आणि तिला ताणून माझ्या खुर्चीच्या मापाची केली. तिथे मॉडेलचा ढीग आहे, पण मापांवर भरवसा ठेवू नका, एक खुर्ची तर ८५ रुंद निघाली, बहुतेक दोन माणसांची असावी.

स्केचअपमध्ये उताराचं काम फार छान होतं. प्रोट्रॅक्टर घ्यायचा आणि कोन अंशात टाकायच्या ऐवजी सरळ १:१२ टाइप करायचं, उताराची रेघ तयार. एकास बारा म्हणजे पाच अंशांच्याही आत, ऐकायला काहीच नाही, पण लांबी बघा. आमच्या दारात तीन पायऱ्या, ४५ सेंटिमीटर. गुणिले बारा, ५४० सेंटिमीटरचा रॅम्प. समोर जागा ३८०. मिस्त्री म्हणत होता, "बसतो की ताई, थोडा चढा होईल." ३८० मध्ये तो १:८.४ होतो. स्क्रीनवर दोन्ही शेजारी-शेजारी काढून दाखवले तेव्हा त्याला कळलं की "थोडा" म्हणजे पावसात चाकं मागे येणार. शेवटी एल आकार केला, ५४० चे दोन तुकडे आणि मध्ये १५० बाय १५० चा सपाट चौथरा. दाराच्या समोर सपाट जागा वेगळी ठेवायची हे विसरू नका, दार उघडताना कुणाला उतारावर ब्रेक धरून बसायला लावू नका.

कॅमेऱ्याची उंची इथेही बदलते, पोझिशन कॅमेरा टूल मुळात साडेपाच फुटांवर म्हणजे १६८ सेंटिमीटरवर डोळे ठेवतं, आपण आकडा टाइप करायचा. आणि वॉक टूलला भिंत कळते, ते भिंतीपाशी थांबतं, ही स्वीट होमपेक्षा बरी गोष्ट. पण गंमत बघा, मी ११६ उंची ठेवली, मोठ्या हौसेने घराकडे निघाले आणि ते टूल तीन पायऱ्या टकाटक चढून आत गेलं. डोळे व्हीलचेअरचे, पाय मात्र धडधाकट.

ओट्याखालची गुडघ्यांची जागाही इथेच आडवा छेद घेऊन बघितली. गुडघ्यांना जमिनीपासून निदान ६८-६९ मोकळे लागतात, ओट्याचा दगड आणि सिंकची खोली वर धरली की ओटा ८६ च्या खाली येत नाही, आणि ८६ ला माझे खांदे दुखतात. उपाय एकच, उथळ सिंक आणि पाइप मागच्या भिंतीला चिकटवून. गरम पाण्याचा पाइप झाकून घ्या, पायाला संवेदना नसेल तर भाजलेलं कळत नाही.

सासूबाईंचं प्रकरण मात्र कुठल्याच ड्रॉइंगमध्ये बसलं नाही. एडीएत कमोडची बसायची उंची ४३ ते ४८.५ सेंटिमीटर दिलीय. मला खुर्चीच्या सीटच्या बरोबरीने हवी, ४८. त्यांना गुडघ्यांमुळे उंच हवी पण त्या ठेंगण्या, ४८ वर बसल्या की पाय लोंबकळतात आणि भीती वाटते. मी म्हणते उंबरठे सगळे काढा, त्या म्हणतात उंबरठा पायाला लागला की कळतं मला खोली बदलली ते, दिसत नाही ना. खरंय त्यांचं. शेवटी उंबरठा काढून तिथे वेगळ्या रंगाची आणि खरबरीत टाइलची पट्टी टाकली, पावलाला कळते आणि चाकाला अडत नाही. हे कुठल्या सॉफ्टवेअरने सुचवलं नाही, त्यांनीच सुचवलं.

त्यांच्यासाठी एक टूल मात्र खूप कामाला आलं, डायलक्स. लाइटिंगवाल्यांचं आहे, फुकट आहे. खोली काढायची, खऱ्या कंपन्यांचे दिवे बसवायचे की कुठे किती लक्स (उजेडाचं माप) पडतात ते रंगात दाखवतं. ऑफिसात लिहिण्या-वाचण्यासाठी युरोपियन स्टँडर्डमध्ये ५०० लक्स धरलेत, आमच्या पॅसेजमध्ये हिशोब आला साठ-सत्तर. कमी दिसणाऱ्या माणसाला नुसता जास्त उजेड देऊन भागत नाही, चकाकी नको, अंधारातून एकदम उजेडात यायला नको, आणि डायलक्समध्ये चकाकीचा आकडाही मिळतो. शिकायला किचकट आहे, मी निम्मंच वापरलं. रंगांचा फरक बघायला तर सॉफ्टवेअरसुद्धा नको, टाइलचा आणि ग्रॅब बारचा (भिंतीवरचा धरायचा दांडा) एकत्र फोटो काढायचा आणि ब्लॅक अँड व्हाइट करायचा, दोन्ही एकाच राखाडीत विरघळले की समजा आईंना बार दिसणार नाही. आमचा स्टीलचा बार करड्या टाइलवर साफ गायब झाला होता!

आता ऑफिस. तिथे सगळं रेव्हिट या बिल्डिंगचं मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, बऱ्याच मोठ्या फर्म त्यातच काम करतात. रेव्हिट २०२० पासून पाथ ऑफ ट्रॅव्हल म्हणून सोय आहे, दोन टोकं दिली की मधला सगळ्यात जवळचा रस्ता आणि वेळ काढून देते. उपयोगी आहे, पण तो चालणाऱ्याचा रस्ता. वळायला किती जागा, दार ओढायचं की ढकलायचं, हे त्याच्या गावीही नाही.

खरं तपासणारं म्हणजे सोलिब्री. हे मॉडेल काढत नाही, दुसऱ्याने काढलेलं आयएफसी फाइलमधून (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी बिल्डिंग मॉडेलची फाइल) घेऊन नियम लावतं. दारांसाठी, रॅम्पसाठी, जिन्यांसाठी, मोकळ्या जागेसाठी ॲक्सेसिबिलिटीचे तयार नियम आहेत आणि त्यातले आकडे आपण बदलू शकतो. दाराच्या हँडलच्या बाजूची ती जागासुद्धा तपासतं. दोनशे दारं असलेल्या बिल्डिंगमध्ये माणूस थकेल, हे थकत नाही. घरासाठी हत्तीचं काम आहे, त्या वाटेला जाऊ नका. पण ऑफिस, हॉस्पिटल, कॉलेज असेल तर आर्किटेक्टला विचाराच, "मॉडेल नियम लावून तपासलंत का आणि आकडे कुठले लावलेत?"

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. आमच्या ऑफिसचा रिपोर्ट हिरवागार होता. मी मागे लागून मॉडेल उघडायला लावलं तर आत फर्निचरच नव्हतं! रिकाम्या हॉलमध्ये व्हीलचेअर काय, ट्रक वळेल. तपासणीत दोष नव्हता, त्याला जे दिलं ते त्याने तपासलं. डेस्क, कपाटं, प्रिंटर, कुंड्या टाकून परत चालवलं तेव्हा लाल खुणा अशा उगवल्या की मीटिंगमध्ये शांतता पसरली. आणि तरीही काही गोष्टी राहिल्याच. दाराचा क्लोजर, म्हणजे दार आपोआप बंद करणारा भाग, किती घट्ट आहे हे मॉडेलला कळत नाही, एडीएत आतल्या दारांना पाच पाउंडांपेक्षा जास्त जोर लागू नये असं आहे, आमच्या मीटिंग रूमचं दार उघडायला मला खुर्चीचा ब्रेक लावावा लागतो. कार्ड रीडर १२२ सेंटिमीटरच्या आत होता, म्हणजे हात पोचायच्या मर्यादेत, म्हणून पास. पण होता कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात खुर्चीचा पुढचा भाग आधी भिंतीला टेकतो, हात पोचतच नाही.

आगीच्या वेळी काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा पाथफाइंडर नावाच्या सॉफ्टवेअरचं नाव पहिल्यांदा ऐकलं. बिल्डिंग रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते माणसांचे ठिपके धावताना दाखवतं आणि त्यात व्हीलचेअरवरची माणसं, त्यांना नेणारे मदतनीस असं वेगळं घालता येतं. आमच्यावाल्यांनी आधी सगळे ठिपके पायी चालणारेच घातले होते. दोन व्हीलचेअर आणि त्यांचे मदतनीस घालून परत बघितलं तर जिन्याच्या तोंडाशी गर्दी थांबली. मग जिन्याजवळ सुरक्षित थांबायची जागा थोडी मोठी केली. ते ॲनिमेशन बघताना पोटात गोळा येतो, त्यातला एक ठिपका आपण असतो.

व्हीआर हेडसेट लावूनही एकदा बघितलं. उभं राहून बघू नका, स्वतःच्या खुर्चीत बसून बघा, आणि डिझायनरलाही खुर्चीत बसवून बघायला लावा. दहा मिनिटांत मला गरगरायला लागलं म्हणून जास्त काही सांगता येत नाही.

तर माझ्यापुरतं सांगायचं झालं तर घरासाठी टेप, खडू आणि स्वीट होम थ्रीडी, रॅम्प किंवा ओट्यासारखी उंचीची भानगड असेल तर स्केचअप, आणि रोजच्या वापरातलं घरातलं प्रत्येक माणूस प्लान फायनल व्हायच्या आधी शेजारी बसवायचं. बाथरूमच्या लेआउटचं शेवटचं चेकिंग आम्ही हॉलमध्ये मास्किंग टेप चिकटवून केलं, कमोडच्या जागी स्टूल, बेसिनच्या जागी नवरा हात आडवे धरून उभा, आणि मी आत-बाहेर करून बघितलं. नवऱ्याच्या हाताला दोनदा धडकले, बेसिन आठ सेंटिमीटर सरकवलं.

एक काम अडलंय. सासूबाईंच्या चार पायांच्या वॉकरचं नीट मापाचं मॉडेल मला कुठेच मिळालं नाही, जे मिळालं ते नुसतं चौकोनी डबडं. त्यांच्या बेडशेजारी वॉकर ठेवून उठताना जागा किती लागते ते मला बघायचंय. कुणी काढून ठेवलं असेल तर पाठवा, बदल्यात माझी लाल पापड आणि निळ्या आयतासकट फाइल देईन.